वीस मिलिमीटर पाणी, पाच दिवसांचं काम

मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवशी वीस मिलिमीटर पाऊस पडला तर त्याची बातमी होत नाही. छत्री उघडायची, पँट दोन घड्या वर दुमडायची आणि नेहमीची लोकल गाठायची. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं आखलेल्या होत्या. भरती नसेल आणि गटारं तुंबलेली नसतील, तर एवढं पाणी तासाभरात वाटेला लागतं.

आता हेच वीस मिलिमीटर पाणी जानेवारीतल्या एखाद्या बुधवारी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरावर पडतं असं समजा. हवा उणे आठ अंशांवर आहे, म्हणून ते पाणी हिम होऊन उतरतं. मंगळवारी रात्री सुरू होतं, बुधवारी दुपारी थांबतं. तेवढ्यासाठी महापालिकेची आणि कंत्राटदारांची मिळून तीन हजार माणसं आणि सुमारे २,२०० यंत्रं रस्त्यावर उतरतात, आणि सगळं उरकायला पाचेक दिवस लागतात. पाणी तेवढंच, मग हा खटाटोप कशासाठी? आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे, हे सगळं चालू असताना बुधवारी सकाळी नऊला बहुतेक लोक आपापल्या कामावर पोचलेले कसे असतात?

मी त्या शहरात काही हिवाळे काढले. पहिल्या मोठ्या हिमाच्या सकाळी नाशिकहून आईचा फोन आला. "अरे, केवढं पडलंय म्हणे तुमच्याकडे! आज सुट्टी असेल ना?" म्हटलं, "नाही गं आई, निघालोच आहे." तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर दार उघडून रस्ता बघेपर्यंत मलाही पटलं नव्हतं.

पिंजलेला कापूस आणि गासडी

आधी शब्दांचं बघू. फ्रीजमधल्या खड्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरतं त्यालाही बर्फच म्हणतो. या लेखापुरतं आकाशातून पडतं ते हिम आणि पाणी गोठून घट्ट होतं तो बर्फ, असं धरू. मॉन्ट्रियलची सगळी धडपड हिमाचा बर्फ होऊ नये यासाठी असते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे.

ताजं हिम म्हणजे पिंजलेला कापूस. त्यात नव्वद टक्के जागा हवेची असते. म्हणून वीस मिलिमीटर पाण्याचं वीस सेंटिमीटर हिम होतं, दहापट जाड. कडाक्याच्या थंडीत ते याहून हलकं पडतं, तापमान शून्याच्या आसपास असताना ओलं आणि जड पडतं. पण दहास एक हे प्रमाण हिशेबाला सोयीचं आहे.

एक गल्ली घ्या, दोनशे मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. तिच्यावर वीस सेंटिमीटर हिम पडलं म्हणजे ४०० घनमीटर झालं आणि त्याचं वजन ४० टन. दहा टनी ट्रक चार भरतील एवढं ओझं एका गल्लीत एका रात्रीत येऊन पडलं. मॉन्ट्रियलमध्ये रस्ते आणि फुटपाथ मिळून साफ करायची लांबी सुमारे १०,००० किलोमीटर आहे.

पावसाच्या पाण्याला उतार दाखवला की ते आपलं आपण चालू लागतं. हिमाला उतार कळत नाही. जिथे पडलं तिथेच ते बसून राहतं, आणि त्या शहरात जानेवारीचं सरासरी तापमान उणे नऊ-दहाच्या घरात असल्यामुळे ते आपणहून वितळून जाईल अशी वाट बघण्यात अर्थ नसतो. आठ दिवसांनी त्याच्यावर दुसरा थर येतो. मॉन्ट्रियलवर एका हिवाळ्यात सरासरी २१० सेंटिमीटर हिम पडतं. उचललं नाही तर फेब्रुवारीपर्यंत गल्लीत एक गाडी जाण्यापुरतीही वाट उरणार नाही. पाऊस हा गटारांचा प्रश्न आहे आणि हिम हा हमालीचा. हा एक फरक लक्षात ठेवला की त्या शहरातल्या पुष्कळ विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

शिवाय कापूस दाबला की त्याची गासडी होते. हिमावरून गाड्या गेल्या, माणसं चालली की त्यातली हवा निघून जाते आणि खाली घट्ट, गुळगुळीत, डांबराला चिकटलेला थर बनतो. ताजं हिम मुलंही फावड्यानं उडवतात. हा थर पहारीनं फोडावा लागतो. म्हणून सगळी शर्यत वेळेशी असते.

पॉट आइस्क्रीमचं मीठ

शर्यतीतलं पहिलं हत्यार मीठ. इथे आपल्या घरातलंच एक कोडं समोर येतं. मे महिन्याच्या सुट्टीत पॉट आइस्क्रीम केलेलं आठवत असेल. लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे, त्यात मूठमूठ खडेमीठ, मधोमध दुधाचा डबा, आणि दांडा फिरवायला भावंडांची रांग. तिथे मीठ घातल्यामुळे दूध गोठतं. मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर मात्र बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. एकाच मिठाची दोन उलटी कामं कशी?

ती उलटी नाहीत. बर्फाच्या पृष्ठभागावर सतत ये-जा चालू असते. पाण्याचे काही कण बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून परत बर्फात जाऊन बसतात. शून्य अंशाला जाणारे आणि येणारे सारखेच, म्हणून बर्फ ना वाढतो ना घटतो. त्या पाण्यात मीठ विरघळलं की परत जाणाऱ्यांच्या वाटेत मिठाचे कण गर्दी करतात. परतणारे कमी होतात, सुटणारे मात्र तेवढेच राहतात. बर्फ वितळत जातो. वितळायला उष्णता लागते आणि ती जिथून मिळेल तिथून ओढली जाते. बादलीत ती दुधातून ओढली जाते, म्हणून दूध गोठतं. रस्त्यावर ती डांबरातून आणि हवेतून येते. बादलीतलं बर्फाचं पाणी बोटाला शून्याहून कितीतरी गार लागतं, आणि तरीही ते पाणीच असतं. रस्त्याला नेमकं तेच हवं असतं.

याला मर्यादा आहे. साध्या मिठाचं पाणी फार तर उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं, आणि व्यवहारात उणे १५ च्या खाली मीठ इतकं सावकाश काम करतं की ते टाकून फायदा नसतो. मग बारीक खडी टाकतात. खडी काही वितळवत नाही, फक्त पायाला आणि चाकाला पकड देते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मीठ टाकण्याची वेळ. मिठाचे ट्रक हिम थांबल्यावर निघत असतील असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते हिम पडायला लागताच निघतात. घावन घालायच्या आधी आपण तव्याला तेल पुसतो, तसंच हे आहे. डांबर आणि हिम यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा एक पातळ पापुद्रा आला की वरचा थर चिकटत नाही आणि मागून येणाऱ्या पात्याला तो सहज उलथता येतो. वीस सेंटिमीटर हिम निव्वळ मिठानं वितळवायचं म्हटलं तर शहर मिठानं भरून जाईल. मिठाचं काम चिकटू न देण्याचं, उचलायचं काम यंत्रांचं.

आधी बाजूला, मग बाहेर

यंत्रांचं काम दोन टप्प्यांत चालतं, आणि नवख्या माणसाची गफलत इथेच होते.

अडीच सेंटिमीटर हिम साठलं की पहिला टप्पा सुरू होतो. पुढे मोठं तिरकं पातं लावलेली वाहनं हिम रस्त्याच्या कडेला लोटत जातात. यात हिम शहराबाहेर जात नाही, फक्त मधली वाट मोकळी होते. आधी हमरस्ते, बसचे मार्ग, रुग्णालयांचे आणि शाळांचे रस्ते, मग त्यांना जोडणारे रस्ते आणि सगळ्यात शेवटी राहत्या गल्ल्या. बुधवारी सकाळी नऊला लोक कामावर पोचतात याचं निम्मं उत्तर या क्रमात आहे. सगळं शहर साफ झालेलं नसतं. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोठा रस्ता आहे तो पहाटे पाचपर्यंत दोन-तीनदा खरवडून झालेला असतो. आपल्याला फक्त तिथवर पोचायचं असतं.

फुटपाथ साफ करण्याची जबाबदारीही तिथे महापालिकेची आहे. न्यूयॉर्कमध्ये घरासमोरचा फुटपाथ घरमालकानं साफ करायचा असतो. मॉन्ट्रियलमध्ये फुटपाथच्या रुंदीचे चिमुकले ट्रॅक्टर पिवळे दिवे लुकलुकत सुसाट येतात आणि आपण अंग चोरून भिंतीला चिकटतो. मला ही व्यवस्था जास्त न्याय्य वाटते. म्हाताऱ्या माणसांना, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला शंभर घरांपैकी नव्व्याण्णव घरांनी फुटपाथ साफ करून भागत नाही. राहिलेल्या एका घरापुढे त्यांचा दिवस संपतो. महापालिकेलाही हे नेहमी जमतं असं नाही. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर पात्यांनी लोटलेला ढिगारा कित्येकदा दोन-दोन दिवस तसाच असतो, आणि तो ओलांडणं धडधाकट माणसालाही जड जातं.

दुसरा टप्पा हिम उचलून नेण्याचा. दहा ते पंधरा सेंटिमीटर साठलं की तो जाहीर होतो.

चौकट : किती पडलं की काय होतं?
• पहिले कण : मीठ, थंडी फार असेल तर खडी
• सुमारे २.५ सेंटिमीटर : रस्ते आणि फुटपाथ खरवडून हिम कडेला
• १० ते १५ सेंटिमीटर : हिम ट्रकांत भरून शहराबाहेर, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, रात्रंदिवस
• २० सेंटिमीटर एका साध्या गल्लीत : साधारण ४०० घनमीटर, ४० टन

रात्रीचा भोंगा

बुधवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत कडेच्या हिमाच्या ढिगांमध्ये नारिंगी पाट्या खोचलेल्या दिसायच्या. अमुक वेळेपासून बारा तास या बाजूला गाडी उभी करू नका, एवढाच त्यांचा मजकूर. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांमध्ये घराला वाहनतळ नसतो, गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असतात. त्या हलल्याशिवाय हिम उचलता येत नाही. म्हणून आज एक बाजू, उद्या दुसरी. आपल्या रस्त्याची पाळी कधी आहे ते सांगणारं महापालिकेचं 'अँफो-नेज' नावाचं ॲप लोक पावसाळ्यात आपण रडारचं चित्र बघतो तसं बघत असतात.

सात वाजले की दोन सुरांचा भोंगा ऐकू येतो. त्या शहरात राहिलेल्या कुणालाही तो झोपेतही ओळखता येतो. टोइंगची गाडी गल्लीतून सावकाश फिरत असते. ज्यांनी पाटी पाहिलेली नाही त्यांना ही शेवटची हाक. खिडक्यांमधले दिवे लागतात, कुणी पायजम्यावर कोट चढवून धावत सुटतं. जो येत नाही त्याची गाडी उचलतात. पण ती फार लांब नेत नाहीत, शेजारच्या एखाद्या साफ झालेल्या रस्त्यावर ठेवून देतात. दंड भरावा लागतोच, आणि सकाळी आपली गाडी कोणत्या गल्लीत आहे ते शोधावं लागतं.

मग खरी मिरवणूक येते. आधी छोटे ट्रॅक्टर फुटपाथवरचं हिम रस्त्यात ढकलतात. मागून ग्रेडर येतात, आपल्याकडे रस्त्याच्या कामावर दिसतात तसेच. ते सगळं हिम ओढून एक लांबलचक रास घालतात. त्या राशीवर स्नोब्लोअर चालून येतो. त्याच्या तोंडाशी फिरणारे दातेरी पट्टे राशीत घुसतात, हिम आत ओढतात, आणि वरच्या वाकड्या नळीतून ते एका जोरदार कमानीत शेजारून चाललेल्या ट्रकमध्ये जाऊन पडतं. ट्रक आणि स्नोब्लोअर अगदी एका वेगानं चालतात. ट्रक भरला की सुटून पुढे निघतो, मागचा त्याच क्षणी त्याची जागा घेतो, स्नोब्लोअर थांबत नाही. पंधरा-वीस मिनिटांत गल्ली संपते.

या सगळ्याच्या पुढे एक माणूस असतो. स्नोब्लोअरवर बसलेल्याला राशीच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि मुलांना हिमाच्या ढिगात भुयार खणण्याचा नाद असतो. म्हणून मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये वस्तीत असं यंत्र चालवताना पुढे देखरेखीला माणूस असणं कायद्यानंच सक्तीचं केलेलं आहे. रात्री अकरा वाजता, उणे पंधरा अंशांत, चमकते पट्टे लावलेलं जाकीट घालून तो ढिगाकडे नीट बघत चालत असतो. खिडकीत उभं राहून मी यंत्रापेक्षा त्या माणसाकडेच जास्त बघायचो.

हे यंत्रही त्याच मातीतलं. आर्थर सिकार नावाच्या शेतकरी घरातल्या माणसानं १९२५ साली मॉन्ट्रियल परिसरात आपलं पहिलं चालतं स्नोब्लोअर तयार केलं आणि १९२७ मध्ये शेजारच्या उत्रमाँ गावाला विकलं. मूळ कल्पना त्याला तरुणपणी मळणी यंत्र पाहून सुचली होती. पेंढ्या आत ओढायच्या आणि भूस नळीतून लांब फेकायचं. सुगीच्या दिवसांत खळ्यावर भुसाचा फवारा उडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉन्ट्रियलच्या गल्लीतली ती पांढरी कमान ओळखीची वाटेल.

एवढं सगळं जातं कुठे

एका हिवाळ्यात मॉन्ट्रियल सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर हिम उचलतं. एका ट्रकात चाळीस घनमीटर मावतं असं धरलं तर तीन लाख फेऱ्या होतात. पूर्वी यातलं बरंचसं सरळ सेंट लॉरेन्स नदीत लोटत. पण रस्त्यावरचं हिम दिसतं तेवढं शुभ्र नसतं. त्यात मीठ, तेल, टायरचा चुरा, कचरा आणि खडी असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रांताच्या नियमांनी नदीची वाट बंद केली.

आता दोन वाटा आहेत. एक गटाराची. मोठ्या सांडपाणी वाहिन्यांवर ठरावीक ठिकाणी तोंडं केलेली आहेत, ट्रक तिथे हिम ओततात. घराघरांतून अंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं कोमट पाणी खालून वाहत असतं, त्यात हिम विरतं आणि सगळं मिळून शुद्धीकरण केंद्रात जातं. लाखो लोकांच्या अंघोळीच्या पाण्यातली ऊब अशी कामाला लावलेली पाहून मला फार कौतुक वाटलं.

दुसरी वाट खाणीची. सॅं-मिशेल भागात वस्तीच्या मधोमध फ्रँकॉन नावाची चुनखडीची जुनी खाण आहे. शहराच्या हिमापैकी सुमारे ४० टक्के हिम तिथे जातं. काठावरून ट्रक एकामागून एक रिते होतात आणि खाली डोंगर वाढत जातो. मार्चपर्यंत तो खरोखरच डोंगर झालेला असतो. वरून माती आणि खडी बसून त्याच्यावर काळपट साल तयार होते. ही साल आतल्या हिमाला पांघरुणासारखी जपते. जून-जुलैमध्ये शहर तीस अंशांच्या उकाड्यात असताना खाणीत जानेवारीचं हिम अजून शिल्लक असतं. त्याचं पाणी थांबवून, गाळ बसवून मग गटारात सोडतात.

मीठ मात्र कुठल्याच वाटेनं गाळलं जात नाही. शुद्धीकरण केंद्र घाण काढतं, विरघळलेलं मीठ तसंच नदीत जातं. रस्त्यावरच्या मिठाचा पर्यावरणावर घातक परिणाम होतो, असा निष्कर्ष कॅनडा सरकारच्या मूल्यांकनानं २००१ सालीच काढला आहे. पाय घसरून मोडलेलं हाड ताबडतोब दिसतं. ओढ्यात वाढत गेलेलं मीठ तसं दिसत नाही, आणि म्हणून ते मोजत राहणं मला फार गरजेचं वाटतं.

दाराच्या आतली तयारी

आता कोड्याचं उरलेलं निम्मं उत्तर. शहर आपलं काम करतं, पण माणसांनी आपला वाटा उचलला नाही तर बुधवार उभा राहत नाही.

तयारी नोव्हेंबरातच सुरू होते. आपली खोबरेल तेलाची बाटली थंडीत थिजते, तसं साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्याला धरेनासं होतं. हिवाळी टायरचं रबर उणे तापमानातही मऊ राहतं आणि त्याच्या बारीक खाचा हिमाला पकडतात. क्वेबेकमध्ये २००८ पासून हे टायर सक्तीचे आहेत. आता मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. शरदात टायरच्या दुकानाबाहेर लागणारी रांग पाहिली की हिवाळा आला हे पंचांग न बघता कळतं.

सकाळ अर्धा तास आधी सुरू होते. कपडे एकावर एक चढवायचे. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण ऊब कापडात नसते, मध्ये अडकलेल्या हवेत असते. आजीच्या गोधडीचं तत्त्व हेच. डोक्यावर लोकरी टोपी, तिला तिथे 'तुक' म्हणतात. पिशवीत ऑफिसात घालायचे जोडे, पायात बूट. मीठ लागून बुटांवर पांढरी नक्षी उठते, ती व्हिनेगरनं पुसायची. मॉन्ट्रियलची जुनी घरं दोन-तीन मजली असतात आणि वरच्या मजल्याचा लोखंडी जिना घराच्या बाहेरून, कित्येकदा वळण घेत उतरतो. एरवी तो देखणा दिसतो. हिमाच्या सकाळी तो झाडत-झाडत, कठडा धरून, एकेक पायरी उतरावा लागतो.

गाडी असेल तर ती आधी शोधायची, कारण सगळ्या गाड्या सारखेच पांढरे उंचवटे झालेल्या असतात. ब्रशनं टपावरचं हिम काढायचं, काचेवरचा बर्फ खरवडायचा, मग चाकांभोवती फावडं. आणि हे सगळं झाल्यावर पात्याची गाडी येऊन रस्त्यातलं हिम पुन्हा तुमच्या गाडीपुढे लोटून जाते. तिच्यावर रागावून उपयोग नाही, तिचं काम तेच आहे.

फावडं मारणं हे दिसतं त्याहून धोक्याचं आहे. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, हातांच्या जोरदार कामानं रक्तदाब चढतो, आणि हृदयावर दोन्ही बाजूंनी ताण येतो. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींच्या एका अभ्यासात दिसलं की वीस सेंटिमीटर हिमाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं जास्त असतो. शेजारच्या सत्तरीतल्या काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. फावडं अर्धंच भरायचं, उचलायचं कमी आणि ढकलायचं जास्त, आणि दर दहा मिनिटांनी उभं राहून कुणाशी तरी गप्पा मारायच्या.

गाडीचं चाक एका जागी गरागरा फिरायला लागलं की घर्षणानं खालचं हिम वितळतं, लगेच गोठतं आणि चाकाखाली आरसा तयार होतो. जितका जोर द्याल तितका तो गुळगुळीत. अशा वेळी फुटपाथवरून जाणारी अनोळखी माणसं न बोलावता येतात, गाडीच्या मागे हात टेकतात, तीन म्हणेपर्यंत धक्का देतात आणि नाव न विचारता पुढे निघून जातात. असे धक्के मी घेतलेही आहेत आणि दिलेही आहेत.

बाकीच्यांसाठी मेट्रो आहे. १४ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झालेली ही मेट्रो रबरी टायरांवर चालते आणि पूर्णपणे जमिनीखालून जाते, त्यामुळे वर काहीही पडो, खाली गाडी येते. मध्यवर्ती भागात तिच्या स्थानकांना जोडणारे तीस किलोमीटरांहून जास्त लांबीचे भुयारी रस्ते आहेत. स्थानकातून थेट ऑफिसच्या इमारतीत शिरता येतं.

हिशेब चुकतो तेव्हा

ही सगळी व्यवस्था वीस-पंचवीस सेंटिमीटरांच्या मापानं शिवलेली आहे. त्यापुढे ती उसवते. ४ मार्च १९७१, गुरुवार. एका दिवसात ४३ सेंटिमीटर हिम आणि ताशी शंभर किलोमीटरांहून जोराचा वारा. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत ढिगारे चढले आणि शहरात १७ माणसं गेली. १४ मार्च २०१७ च्या रात्री १३ क्रमांकाच्या महामार्गावर सुमारे ३०० गाड्या अडकल्या आणि लोकांनी रात्र गाडीतच काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत दोन वादळं येऊन सत्तर सेंटिमीटरांहून अधिक हिम पडलं. पहिलं उचलून होण्याआधी दुसरं आलं होतं.

१९७१ च्या त्या गुरुवारी डॉक्टर आणि परिचारिकांना रुग्णालयात पोचवलं ते हिमावरून पळणाऱ्या छोट्या स्नोमोबाइलांनी. त्यांच्यामागे एका बापाची गोष्ट आहे. क्वेबेकमधल्या व्हालकूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक होता. हिमावर चालेल अशा गाडीचे प्रयोग तो पोरवयापासून करत होता. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं आजारी पडला. रस्ते हिमानं बंद होते, प्रयोगातली गाडी सुट्या भागांत पडलेली होती. मुलाला रुग्णालयापर्यंत नेता आलं नाही. त्यानंतर तो त्या कामाच्या मागेच लागला आणि १९३७ पर्यंत पट्ट्यांवर चालणारी सात जणांची गाडी विकायलाही लागला. खेड्यापाड्यांत त्याच्या गाड्यांनी डॉक्टर नेले, टपाल नेलं, शाळेची मुलं नेली. १९५९ मध्ये त्यानं एक-दोन माणसांची छोटी गाडी काढली, 'स्की-डू'. त्याच प्रकारच्या गाड्या बारा वर्षांनी मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर रुग्णालयाच्या वाटेला लागल्या होत्या.

एप्रिल

मार्चमध्ये दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं सुरू होतं. डांबराच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, भेग रुंदावते, दुसऱ्या दिवशी तिच्यात आणखी पाणी शिरतं. हिवाळा संपेपर्यंत रस्त्याला खड्डे पडलेले असतात. तिथली फ्रेंच त्यांना कोंबडीची घरटी म्हणते.

एप्रिलमध्ये झाडूच्या गाड्या फिरतात आणि हिवाळाभर टाकलेली खडी गोळा करतात. वितळत्या ढिगांतून पाच महिन्यांत हरवलेलं सगळं एकेक करून वर येतं. एखादं बाळाचं खेळणं, सायकलचं कुलूप, आणि हातमोजे, बहुतेक एकेकटे. ज्याला सापडतो तो माणूस मोजा झटकतो आणि जवळच्या लोखंडी कुंपणाच्या टोकावर, बोटं वर करून, नीट अडकवून ठेवतो. आमच्या कोपऱ्यावरच्या कुंपणावर एका वर्षी असे सहा होते. त्यातला एक लाल, लहान मुलाचा, मे महिन्यात कुणीतरी येऊन नेला.